प्रीमियम दीडपट झाला, आता नेमकं काय कापायचं?

भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखानदारांचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे ११८ माणसं. त्यातली ४६ ईएसआयमध्ये (महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्यांची सरकारी कामगार विमा योजना), उरलेली ७२ गटविम्यात, म्हणजे आपण ज्याला 'ग्रुप मेडिक्लेम' म्हणतो त्यात. प्रत्येक कुटुंबाला ३ लाखांचं संरक्षण, त्यात नवरा-बायको, दोन मुलं आणि आई-वडील. गेल्या वर्षी प्रीमियम १३.५ लाख रुपये होता. या वर्षी विमा कंपनीने २१ लाख मागितले, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे जवळजवळ २४ लाख ७८ हजार. त्यांच्यापुढे चार पर्याय ठेवले गेलेत: आई-वडिलांना काढून टाकणं; रूम रेंटवर मर्यादा घालून सगळ्यांना २० टक्के कोपे, म्हणजे बिलातला स्वतः भरायचा वाटा, लावणं; पॉलिसी बंद करून प्रत्येकाला महिना हजार रुपये देणं, कारण वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटी गेला; किंवा पगाराची मांडणी बदलून जास्तीत जास्त लोकांना ईएसआयमध्ये बसवणं. 'यातलं काय करू?' असं त्यांनी विचारलंय.

मी बावीस वर्षं या कामात आहे. सुरुवात टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम हाताळणाऱ्या संस्थेच्या, क्लेम डेस्कवर झाली, पुढे कारखान्यांच्या गटविम्याची सल्लागार म्हणून काम करत आले. चारही पर्याय मी कुणी ना कुणी राबवताना पाहिलेत, आणि त्यांचं पुढे काय झालं तेही पाहिलंय. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी २१ लाखांचा आकडा आला कुठून ते पाहू. तुमचे क्लेम प्रीमियमपेक्षा कमी असताना वाढ एवढी कशी, हा तुमचा राग मला समजतो. पण हिशोब असा आहे. पॉलिसी संपायच्या दोन महिने आधी, म्हणजे दहा महिन्यांचे क्लेम तुम्ही लिहिलेत तसे १३.२ लाख. बारा महिन्यांचे धरले तर १५.८४ लाख. दवाखान्यात झालेला खर्च कंपनीपर्यंत पोचायला वेळ लागतो, त्यासाठी थोडी भर घालून १६.५ लाख धरा. पुढच्या वर्षी दवाखान्यांचे दर वाढणार म्हणून १० टक्के, झाले १८.१५ लाख. आता प्रीमियमच्या प्रत्येक शंभर रुपयांतले पंधरा टीपीए, मध्यस्थ आणि कंपनीचा कारभार यांवर जातात असं धरलं, तर १८.१५ लाखांचे क्लेम भागवायला २१.३५ लाखांचा प्रीमियम लागतो. कंपनीने २१ मागितले. यात लबाडी नाही. पण यातल्या प्रत्येक पायरीवर बोलता येतं, आणि ते तुमच्या वतीने कुणी बोललेलं दिसत नाही.

सगळ्यात पहिली पायरी म्हणजे ते १३.२ लाख. त्यात एखादी बायपास किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया असेल तर एकट्या क्लेमचे तीन लाख झाले. ७२ कुटुंबांच्या गटात अशी एक घटना सगळं गणित फिरवते, आणि तीच घटना पुढच्या वर्षी त्याच कुटुंबात पुन्हा घडेलच असं नाही. म्हणून टीपीएकडून तीन वर्षांचा क्लेमचा तपशील मागवा: दाखल झाल्याची तारीख, आजाराचा प्रकार, दवाखाना, मागितलेली रक्कम, मंजूर रक्कम, आणि रुग्ण कर्मचारी, जोडीदार, मूल की पालक एवढंच. नावं मागवू नका. हे मी आग्रहाने सांगते. कुणाच्या बायकोचा गर्भपात झाला, कुणाला मानसोपचार चालू आहेत, हे मालकाच्या टेबलावर येण्याचं काहीही कारण नाही. एका कारखान्यात यादी नावांसकट आली आणि सहा महिन्यांत त्यातली दोन माणसं 'कामगिरीच्या कारणावरून' घरी गेली. त्यानंतर तिथल्या लोकांनी आजार लपवायला सुरुवात केली, आणि लपवलेला आजार शेवटी आयसीयूत उघडा पडतो.

तपशील हातात आला की मोठे एकरकमी क्लेम बाजूला काढून तीन वर्षांची सरासरी मांडा आणि कंपनीला सांगा, दर या सरासरीवर लावा. शिवाय आणखी तीन कंपन्यांकडून कोटेशन घ्या. यासाठी साठ-सत्तर दिवस हातात लागतात. पॉलिसी संपायला आठ दिवस उरले असताना बोलणी होत नाहीत, मागेल तो चेक द्यावा लागतो.

कंपन्या पूर्वीसारख्या 'ॲडजस्ट' का करत नाहीत, असंही तुम्ही विचारलंय. त्यामागे एक इतिहास आहे, आणि तो तुमच्या वडिलांच्या पिढीतल्या कारखानदारांनी अनुभवलाय. मेडिक्लेम १९८६ मध्ये आला. तेव्हा सरकारी कंपन्याच होत्या आणि आगीच्या विम्याचे दर ठरवून दिलेले होते. त्या ठरीव दरात भरपूर नफा होता. त्यामुळे कारखान्याचा आगीचा आणि यंत्रांचा विमा मिळावा म्हणून कामगारांचा मेडिक्लेम तोट्यात दिला जायचा. मी क्लेम डेस्कवर बसायचे तेव्हा प्रीमियमच्या दीडशे टक्के क्लेम गेलेली पॉलिसी त्याच दरात पुन्हा चालू झालेली पाहिली आहे. १ जानेवारी २००७ पासून आगीच्या विम्याचे दर खुले झाले आणि स्पर्धेत कोसळले. ज्या नफ्यातून मेडिक्लेमचा तोटा भरून निघत होता तोच आटला. मग गटविम्याचे दर चढू लागले आणि कापाकापी सुरू झाली. जुलै २०१० मध्ये सरकारी विमा कंपन्यांनी मुंबईसह चार महानगरांतल्या अनेक मोठ्या दवाखान्यांतली कॅशलेस सोय थांबवली आणि ठरीव दर मान्य करणाऱ्या दवाखान्यांचंच जाळं बांधलं. त्या आठवड्यातले फोन मला अजून आठवतात. ऑपरेशनची तारीख ठरलेली, आणि माणूस विचारतोय की आता पैसे कुठून आणू.

आता तुमचे पर्याय घेते.

आई-वडिलांना काढायचं. खर्चाच्या यादीत त्यांचा वाटा सगळ्यात मोठा दिसणार, हे मी यादी न पाहताही सांगते. मोतीबिंदू, गुडघे, हृदय, मूत्रपिंड, सगळं त्याच वयात. काढून टाकलं तर प्रीमियम झटकन उतरेल. पण चाळिशीतल्या फिटरच्या आईला हृदयविकाराचा झटका आला तर खर्च थांबत नाही. तो तुमच्याकडे ॲडव्हान्स मागतो, तुम्ही नाही म्हणू शकत नाही, उरलेलं तो पतपेढीतून किंवा सावकाराकडून उचलतो, आणि पुढची दोन वर्षं त्याचं लक्ष मशीनवर नसतं. एका कारखान्याने असं केल्यावर वर्षभरात दिलेल्या ॲडव्हान्सची बेरीज मी त्यांच्याच हिशोबनिसाकडून करून घेतली होती. वाचलेल्या प्रीमियमच्या निम्म्याहून जास्त रक्कम तिथे गेली होती, आणि ती काही जणांपुरतीच. बाकीच्यांना काहीच मिळालं नव्हतं.

याच्या मधला मार्ग म्हणून 'आई-वडील ऐच्छिक, प्रीमियम कर्मचाऱ्याचा' असं बरेच जण सुचवतात. ऐकायला न्याय्य वाटतं. होतं असं की ज्यांच्या घरी आजारपण आहे तेवढेच लोक नाव नोंदवतात. पहिल्या वर्षी क्लेम प्रीमियमच्या दुप्पट जातात, दुसऱ्या वर्षी दर दुप्पट होतो, मग त्यातले थोडे बरे असलेले बाहेर पडतात, दर आणखी चढतो. तिसऱ्या-चौथ्या वर्षी तो भाग कंपनी बंदच करते. ऐच्छिक ठेवायचंच असेल तर किमान निवड एकदाच करू द्या आणि तीन वर्षं बदलू देऊ नका. आणि प्रीमियममधला निम्मा वाटा तुम्ही उचला, म्हणजे निरोगी पालक असलेलेही आत येतील.

पालकांच्या बाबतीत एक गोष्ट गेल्या काही वर्षांत खरोखर बदलली आहे आणि कारखान्यांनी तिचा उपयोग करून घेतलेला नाही. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षं आणि त्यापुढच्या प्रत्येक नागरिकाला, उत्पन्न काहीही असो, आयुष्मान भारतमध्ये ५ लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं. 'आयुष्मान वय वंदना' कार्ड आधारवर निघतं. खासगी विमा असलेले किंवा ईएसआयमधले ज्येष्ठही त्याला पात्र आहेत. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही आता सगळ्या शिधापत्रिकाधारकांना खुली आहे, तीही ५ लाखांपर्यंत. एक शनिवार ठरवा, कारखान्यातच कार्ड काढण्याचं शिबिर घ्या. मात्र कार्ड निघालं म्हणून पालकांना गटविम्यातून वगळू नका. कोणता दवाखाना योजनेत आहे, कोणता आजार बसतो, त्या दिवशी खाट मिळते का, हे प्रत्यक्ष वेळीच कळतं. तो दुसरा आधार म्हणून ठेवा. ठरलेल्या, घाई नसलेल्या शस्त्रक्रियांसाठी आधी तिकडे विचारायची सवय लागली तरी तुमच्या क्लेमवर फरक पडेल.

आता रूम रेंट आणि कोपे. माझा सगळ्यात जास्त विरोध याला आहे, कारण ही कपात कागदावर निरुपद्रवी दिसते. तुम्हाला सुचवलंय: खोलीचं भाडं दिवसाला विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे ३,००० रुपये. कर्मचाऱ्याला वाटतं, महाग खोली घेतली तर वरचा फरक आपण भरू. तसं नसतं. समजा, त्याने चार दिवस ६,००० ची खोली घेतली आणि बिल आलं १ लाख ८० हजार: खोली २४ हजार, डॉक्टर-सर्जन-ऑपरेशन थिएटर ९६ हजार, औषधं आणि तपासण्या ६० हजार. खोली मर्यादेच्या दुप्पट घेतली म्हणून खोलीचे निम्मे कापले जातात, आणि त्याच प्रमाणात डॉक्टर-सर्जन-थिएटरचेही निम्मे. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या या प्रमाणशीर कपातीतून बाहेर ठेवायच्या असं विमा नियामकाचं म्हणणं आहे, म्हणून ते ६० हजार पूर्ण धरू. मिळाले १ लाख २० हजार. खिशातून गेले ६० हजार. खोलीतला फरक फक्त १२ हजारांचा होता. पुण्यात सध्या बऱ्या दवाखान्यात दोन माणसांची खोलीसुद्धा ३,००० च्या आत मिळणं कठीण, आणि मध्यरात्री पोटात दुखणाऱ्या मुलाला घेऊन गेलेला बाप खोलीचा दर विचारत बसत नाही.

मर्यादा घालायचीच असेल तर रुपयांत घालू नका, खोलीच्या प्रकारात घाला: 'दोन खाटांची खोली'. आणि 'प्रमाणशीर कपात लागू नाही' हे वाक्य पॉलिसीत लिहून घ्या. त्यासाठी थोडा प्रीमियम जास्त पडेल, तो द्या.

कोपेबद्दल. २० टक्के कोपे लावला की माणसं उगाच दाखल होणार नाहीत, हा तर्क जुना आहे आणि तो मोठ्या प्रमाणावर तपासून झालाय. अमेरिकेत रँड या संस्थेने १९७४ ते १९८२ या काळात हजारो लोकांना वेगवेगळ्या योजनांत विभागून पाहिलं, काहींना उपचार मोफत, काहींना खर्चात वाटा. वाटा द्यावा लागणाऱ्यांनी उपचार कमी घेतले, हे खरं. पण अनावश्यक उपचार जेवढे कमी झाले तेवढेच आवश्यकही कमी झाले. आणि गरीब, उच्च रक्तदाब असलेल्या लोकांचा रक्तदाब मोफत उपचारांच्या गटात जास्त आटोक्यात राहिला. मला इथे दिसतं तेही वेगळं नाही. अडीच लाखांच्या बिलात २० टक्के म्हणजे ५० हजार. तुमच्याकडे २८ हजार पगार असलेल्या माणसाला ही रक्कम रात्रीतून उभी करता येत नाही. तो स्टेंट पुढे ढकलतो.

कोपे कुठे चालतो? जिथे निवड माणसाच्या हातात असते तिथे. ठरलेल्या दरांच्या दवाखान्यात गेलं तर कोपे शून्य, जाळ्याबाहेर स्वतःहून गेलं तर १० किंवा १५ टक्के, अपघात आणि तातडीच्या वेळी कुठेही शून्य. पालकांच्या क्लेमवर १० टक्के ठेवला तरी चालेल, पण एका वर्षात २० हजारांच्या वर नाही अशी मर्यादा घाला. ठरीव शस्त्रक्रियांना मर्यादा घालता येतात. मोतीबिंदूला एका डोळ्याचे ४० हजार, बाळंतपणाला एक ठरावीक रक्कम. या मर्यादा आधी माहीत असतात, त्यानुसार दवाखाना निवडता येतो, कुणी कर्जात बुडत नाही. मी नेहमी हेच सांगत आले आहे: ज्याची तारीख आधी ठरते त्या खर्चाला मर्यादा घाला, जो खर्च अंगावर कोसळतो त्याला घालू नका. उलट तिथे वाढवा. ३ लाखांवर ७ लाखांचा सुपर टॉप-अप (मूळ रक्कम संपल्यावर लागू होणारं वाढीव संरक्षण) गटासाठी घेतला तर तो मूळ पॉलिसीच्या मानाने फार स्वस्त पडतो, कारण तिथपर्यंत पोचणारे क्लेम मोजके असतात.

एक क्लेमचा प्रकार मात्र तुम्ही खरंच कमी करू शकता. पिंपरी-चिंचवड पट्ट्यात जुलै ते ऑक्टोबर डेंग्यू, व्हायरल ताप, जुलाब यांची दोन-दोन दिवसांची ॲडमिशन्स रांगेने येतात. तुमच्या यादीत ती असणारच. मेडिक्लेम साधारणपणे चोवीस तास दाखल झाल्याशिवाय पैसे देत नाही. बाहेरून डॉक्टर दाखवायचा, रक्त तपासायचं तर दीड-दोन हजार खिशातून जातात. दाखल झालं तर सगळं कॅशलेस. मग माणूस दाखल होतो, आणि त्याला मी दोष देत नाही, पॉलिसीची रचनाच त्याला दाखल व्हायला सांगते. जवळच्या एका जनरल प्रॅक्टिशनरशी आणि एका लॅबशी करार करा, आठवड्यातून दोन दिवस डॉक्टर कारखान्यात बसू दे, पावसाळ्यात रक्ततपासणी कारखान्याच्या खर्चाने. कॅन्टीनमागचं साचलेलं पाणी, कूलिंग टॉवरचं पाणी, भंगारातली पिंपं यांच्याकडेही बघा. बीपी आणि साखर दर तीन महिन्यांनी तपासली तर पाच वर्षांनंतरचे मोठे क्लेम आज रोखता येतात, पण त्याचं फळ पुढच्या नूतनीकरणात दिसेल असं मी तुम्हाला सांगणार नाही.

तिसरा पर्याय, महिन्याला हजार रुपये. ७२ जणांचे वर्षाला ८ लाख ६४ हजार. २४ लाख ७८ हजारांसमोर हे फार मोहक दिसतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य पॉलिसीवरचा जीएसटी शून्य झाला आणि गटाच्या पॉलिसीवर १८ टक्के तसाच राहिला, हेही खरं. तुम्ही भरलेल्या जीएसटीची वजावटही साधारणपणे मिळत नाही, कारण कायद्याने बंधनकारक नसलेल्या आरोग्यविम्यावर ती दिली जात नाही. या एका गोष्टीत सरकारने लहान कारखानदारांवर अन्याय केला आहे असं माझं स्पष्ट मत आहे. कामगारांना एकगठ्ठा संरक्षण देणाऱ्याला कर आणि एकट्याने घेणाऱ्याला सूट, याने माणसं गटातून बाहेर ढकलली जातात. उद्योजकांच्या संघटनांनी हा मुद्दा लावून धरायला हवा.

पण तुमच्या ५२ वर्षांच्या मधुमेही टर्नरला वैयक्तिक पॉलिसी द्यायला कंपनी आधी तपासण्या मागेल. दिली तर जुन्या आजारांना तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा, काही ठरावीक शस्त्रक्रियांना वेगळी प्रतीक्षा, पहिल्या तीस दिवसांत अपघात सोडून काही नाही. नुकतं लग्न झालेल्या मुलीला बाळंतपणासाठी दोन-तीन वर्षं थांबावं लागेल. गटविम्यात हे सगळं पहिल्या दिवसापासून मिळतं, कारण तिथे आजारी आणि निरोगी एका पंगतीला बसलेले असतात. आणि खरं बोलायचं तर हजार रुपये पगारात मिसळतात, मुलाच्या क्लासच्या फीमध्ये जातात. वर्षाअखेरीस ७२ पैकी किती जणांनी पॉलिसी घेतली ते तपासा, आकडा पाहून वाईट वाटेल. वैयक्तिक पॉलिसी वाईट नाही. गटविम्याच्या जोडीला तिशीतल्या प्रत्येकाने स्वतःची लहानशी पॉलिसी घ्यावीच, कारण नोकरी सुटली की गटाचं संरक्षण त्याच दिवशी संपतं. नोकरी सोडणाऱ्याला त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायचा मार्ग आहे, भोगलेल्या प्रतीक्षाकाळाचं श्रेय मिळवून. हे राजीनाम्याच्या कागदांसोबत लेखी कळवा. निवृत्त होणाऱ्यांना तर तीन महिने आधी.

चौथा पर्याय ईएसआयचा. तुमच्या सल्लागाराने तुम्हाला आकडा दाखवला असणार: २१,००० पगारावर मालकाचा वाटा ३.२५ टक्के, म्हणजे महिना ६८२ रुपये ५० पैसे, वर्षाला ८,१९०. गटविम्यात एका कुटुंबामागे वर्षाला २९ हजारांहून जास्त, तेही जीएसटी सोडून. म्हणून पगाराचा काही भाग 'प्रवास' किंवा 'प्रतिपूर्ती' म्हणून बाजूला काढून २१ हजारांच्या आत दाखवायचं. तसं करू नका. तपासणीत मागची वर्गणी, व्याज आणि दंड निघतो, आणि त्याहून वाईट म्हणजे आजारपणाचा भत्ता त्याच कमी दाखवलेल्या वेतनावर मिळतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाल्यावर वेतनाची व्याख्याही बदलली आहे. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनात धरला जातो. तुमचे काही लोक नव्या व्याख्येने प्रामाणिकपणेच ईएसआयमध्ये येत असतील. ते एखाद्या जाणत्या कामगार कायदे सल्लागाराकडून माणसागणिक तपासून घ्या.

ईएसआयला मी मुळीच कमी लेखत नाही. १९४८ चा कायदा, १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीत सुरुवात, आणि आजही त्यात विमा रकमेची वरची मर्यादा नाही, जुन्या आजाराची प्रतीक्षा नाही, अवलंबून असलेले आई-वडील आत आहेत. आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळतं, जे कुठलाही मेडिक्लेम देत नाही. रांगा आहेत, औषधं बाहेरून आणायला लागतात, रेफरलसाठी खेटे घालावे लागतात, हे मी नाकारत नाही. तुमच्या एचआरमधला एक माणूस फक्त एवढ्यासाठी नेमा: कागद पूर्ण करणं, चिंचवडच्या मोहननगरच्या ईएसआय दवाखान्यात लोकांसोबत जाणं, रेफरलचा पाठपुरावा. जिथे असा माणूस आहे तिथे कामगार ईएसआयला नावं ठेवत नाहीत.

आणि इथेच तो गट आहे ज्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. २१ हजारांची मर्यादा १ जानेवारी २०१७ पासूनची. पगार वाढत गेले. कुणाला पगारवाढ मिळते, पगार २१,५०० होतो, आणि ५०० रुपयांच्या बदल्यात तो ईएसआयमधून बाहेर पडतो. एप्रिलपासून वाढ दिली तर लगेच, मे महिन्यात दिली तर सप्टेंबरअखेर. त्याची आई डायलिसिसवर असेल तर ती वाढ त्याला कुठे नेते याचा विचार करा. अशा प्रत्येकाचं नाव ईएसआय सुटेल त्याच दिवशी गटविम्यात गेलं पाहिजे. त्याच्या कामावरच्या अपघाताची जबाबदारीही आता परत तुमच्याकडे येते, त्याचा वेगळा विमा हवा, तोही तपासा.

नावं घालण्यावरून आठवलं. विमा कायद्याच्या ६४ व्हीबी कलमाप्रमाणे प्रीमियम जमा झाल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. नवीन माणसांसाठी तुमची आगाऊ ठेव कंपनीकडे असते, ज्याला सीडी बॅलन्स म्हणतात. ती संपली आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, तर रुजू झालेला माणूस यादीत दिसतो पण विम्यात नसतो. माझ्या ओळखीच्या एका कारखान्यात नवीन लागलेल्या मुलाचा तिसऱ्या आठवड्यात दुचाकीवर अपघात झाला, आणि ठेव आधीच्या महिन्यात संपली होती. मालकाने सगळं बिल स्वतः भरलं. त्यांनी भरलं म्हणून निभावलं. दर महिन्याच्या एक तारखेला ठेव तपासा.

तर तुमच्या जागी मी काय करेन. तीन वर्षांच्या सरासरीवर बोलणी करून आणि वर सांगितलेल्या मर्यादा घालून, तुमच्यासारख्या गटात आकडा १७ ते १८ लाखांवर आणता येतो असा माझा अनुभव आहे, त्यात सुपर टॉप-अपसकट. तरीही गेल्या वर्षीपेक्षा चार लाख जास्त लागतील. ते सगळे तुम्ही सोसावेत असं मी म्हणत नाही. वाढीचा तिसरा हिस्सा कर्मचाऱ्यांनी उचलावा, पण सगळ्यांनी सारखा नव्हे. साठ हजार पगाराच्या मॅनेजरकडून महिना चारशे घ्या, पंचवीस हजारांच्या ऑपरेटरकडून पन्नास. लोक द्यायला तयार असतात, त्यांना कळलं तर.

म्हणून पॉलिसीवर सही करण्याआधी शिफ्ट बदलताना अर्धा तास दोन्ही पाळ्यांना एकत्र घ्या. हे सगळे आकडे फळ्यावर लिहा, लपवू नका. किती क्लेम आले, कंपनीने किती मागितले, तुम्ही किती भरताय. त्यांना विचारा की आई-वडील ठेवायचे की स्वतःची रक्कम वाढवायची. असं करताना मी दोनदा हजर होते, आणि दोन्ही वेळा तरुण, बिनलग्नाच्या मुलांनीही आई-वडिलांच्या बाजूने हात वर केला. आणि मग प्रत्येकाच्या हातात मराठीत एक पान द्या: कार्ड नंबर, रात्री दोन वाजता उचलला जाईल असा एक फोन नंबर, घराजवळचे ठरलेल्या दरांचे पाच दवाखाने, आणि काय मिळणार नाही त्याची मोठ्या अक्षरांतली यादी. ते पान घरी फ्रिजवर किंवा देवघराशेजारी चिकटवायला सांगा, कारण दवाखान्यात धावायची वेळ येते तेव्हा तुमचा कामगार बहुतेक वेळा नाईट शिफ्टला असतो आणि कागद शोधणारी त्याची बायको असते.